क्राइम पॉडकास्टमधून ब्रेक घेतला तर श्रोते निघून जातात का?

जातात. थोडे जातात, बरेचसे राहतात, गेलेल्यांतले काही परत येतात. तुमच्या प्रश्नाचं उत्तर खरं तर इथेच संपलं. पण दोन वर्षं दर शुक्रवारी भाग टाकून मन उडालंय हे सांगताना खाली तुम्ही लिहिलंय, "घरचे म्हणतात बसून बोलायचं काम, त्यात थकण्यासारखं काय?" त्या एका ओळीसाठी लिहायला बसलोय. शब्दही न बदलता हेच वाक्य मी आमच्या दादाकडून तीन वर्षं ऐकलं.

मीही मराठीत खऱ्या गुन्ह्यांवर पॉडकास्ट करतो. २०२० मध्ये मुंबईची खोली सोडून पूर्णगडजवळच्या आमच्या घरी आलो तो इथलाच झालो. रेकॉर्डिंग माळ्यावर, चारी बाजूंनी गोधड्या टांगून. पावसाळ्यात कौलांवर असा मारा असतो की माइक काढण्यात अर्थच नाही, म्हणून आठ-दहा भाग मे महिन्यातच उरकायचो. कोकणातला मे, वर तापलेली कौलं, आत गोधड्यांचं खोपटं आणि रोज एक खून.

जोशी-अभ्यंकर किंवा मानवतसारखी गाजलेली प्रकरणं फारशी त्रास देत नाहीत. त्यांच्यावर इतकं बोलून झालंय की माणसं लांबची वाटतात. दमवतात ती जिल्हा न्यायालयातली, कुणी न ऐकलेली. निकालपत्रात जखमा क्रमांकाने येतात, लांबी-रुंदी सेंटिमीटरमध्ये. त्या वाचायच्या, काय सांगायचं आणि काय गाळायचं ते ठरवायचं, मग आवाज खाली आणून तेच तीनदा बोलायचं आणि एडिटिंगला तेच वीस वेळा ऐकायचं. श्रोता ते एकदा ऐकतो, भांडी घासता घासता.

२०२३ च्या मार्चमध्ये एका भागात मी म्हणालो, "त्या संध्याकाळी तिने पिवळी साडी नेसली होती." कागदांत साडी होती, रंग नव्हता. रंग मी घातला, चित्र उभं राहावं म्हणून. आठवड्याने एक मेल आला, चार ओळींचा. त्या बाईंच्या मुलीचा. आईकडे पिवळी साडी नव्हतीच, तिला तो रंग आवडायचा नाही, बाकी तुम्ही छान सांगता.

लाज वाटली असं लिहायला मला आवडलं असतं. वाटली नाही. पहिला विचार आला तो हा की दुरुस्ती जाहिरातीच्या आधी घ्यावी की नंतर. मग जेवलो. बांगडा होता, दोन खाल्ले. रात्री पुढच्या प्रकरणाचे कागद काढले. दोन दिवसांनी मोबाइलमध्ये काहीतरी शोधताना दिसलं की त्या मेलमधल्या "बाकी तुम्ही छान सांगता" एवढ्याच ओळीचा स्क्रीनशॉट काढून मी कौतुकाच्या फोल्डरमध्ये टाकला होता. कधी टाकला ते आठवेना.

त्या दिवशी थांबलो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आयसीडी-११ साठी, म्हणजे आजारांच्या जागतिक वर्गीकरणासाठी, बर्नआउटची जी व्याख्या केली, तिच्यात तीन गोष्टी आहेत: अंगातलं त्राण संपणं, कामापासून मन तुटणं किंवा त्याबद्दल कडवट होणं, आणि काम हातून धड न होणं. आजार म्हणून नाही, कामाच्या ताणातून येणारी अवस्था म्हणून. सगळे पहिल्या गोष्टीबद्दल बोलतात. मला झोप लागत होती, भूक तर वर सांगितलीच. माझं दुसऱ्या गोष्टीने झालं होतं. म्हणून "थोडी विश्रांती घे, बरं वाटेल" या सल्ल्याचा मला काडीचा उपयोग झाला नाही.

आणि "कोकणात जा, समुद्रावर बस" हेही तुम्हाला दहा जण सांगतील. ऐकू नका. मी समुद्रावरच राहतो. आमच्या वाडीतली निम्मी घरं बंद, माणसं मुंबईला, गणपतीला आणि शिमग्याला उघडतात. त्या दिवसांत मला प्रत्येक कुलपाआड पंचनामा दिसायचा. जागा बदलून काही होत नाही. ऐकणं बंद करावं लागतं. मी एप्रिल ते ऑक्टोबर एकही निकालपत्र उघडलं नाही, दुसऱ्यांचे क्राइम पॉडकास्टही ऐकले नाहीत, बातम्यांतली ती पानं उलटली. पहिले दोन महिने चिडचिड झाली, मग कमी झाली.

दादाला मात्र हे पटेना. तो बागायतदार, पहाटे पाचला फवारणीला जाणारा माणूस. मी म्हटलं, १ जून ते ३१ जुलै ६१ दिवस मासेमारी बंद असते, तेव्हा मिरकरवाड्याच्या खलाशांना तू आळशी म्हणतोस का? तर म्हणतो, "ती बंदी माशांसाठी असते रे, खलाशांसाठी नाही." यावर मला उत्तर सुचलं नाही. अजून सुचलेलं नाही.

पण आंब्याचं सुचलं. हापूस मुळात वर्षाआड धरणारं झाड. एक वर्ष लगडला की पुढच्या वर्षी मोहोर कमी. ते बागायतदाराला परवडत नाही, म्हणून जुलै-ऑगस्टात बुंध्याभोवती खड्डे पाडून पॅक्लोब्युट्राझोल ओततात, गावात सगळे कल्टार म्हणतात. पालवी आवरते, मोहोर लवकर आणि नियमित येतो. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने त्याची मात्रा झाडाच्या विस्तारावर ठरवून दिली आहे. दादाने एका वर्षी घाईत अंदाजानेच ओतलं, दुप्पट तरी गेलं असेल, आणि खताकडे बघितलं नाही. पुढे दोन-तीन कलमांची पालवी अशी आखूड आणि गुच्छागुच्छाने आली की बघवेना. मी त्याला म्हटलं, मी दर शुक्रवारी स्वतःला हेच ओततोय. तो म्हणाला, "कलमाला ईएमआय नसतो."

तर तुमचं. गुपचूप गायब होऊ नका, दोन मिनिटांचा भाग टाकून सांगा की थांबतोय. परतीची तारीख देऊ नका, तारीख दिली की तो ब्रेक राहत नाही, डेडलाइन होते. होस्टिंगचे पैसे भरत राहा, नाहीतर जुने भागही जातील. फॉलो केलेल्यांच्या अ‍ॅपमध्ये तुमचा शो तसाच राहतो, नवा भाग आला की दिसतो. ब्रेकवर रील करू नका, कृपा करून.

आता दोन गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. मला थांबणं जमलं कारण घर आंब्यावर चालतं, माझ्या जाहिरातींवर नाही. त्या सहा-सात महिन्यांत मी दादाच्याच पैशांवर जेवलो, हे तो कधी बोलला नाही आणि मीही नाही. तुमचं पोट त्यावर असेल तर पूर्ण थांबण्याऐवजी महिन्याला एक भाग करा. दुसरं, मी डॉक्टर नाही. झोप उडाली असेल, नको ते विचार येत असतील तर माझं काही ऐकू नका, १४४१६ वर टेलिमानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन करा, फुकट आहे, मराठीत बोलतात.

परत आल्यावर पहिलं काम म्हणून ते साडीचं वाक्य रंगाशिवाय पुन्हा रेकॉर्ड केलं, जुनी फाइल बदलली आणि मेल करणाऱ्या त्या मुलीला कळवलं. उत्तर आलं नाही.

यंदा दादाने घरामागच्या बारा कलमांना कल्टार घातलं नाही. का, विचारलं तर म्हणाला, महाग झालंय. मी गप्प बसलो. तो हे ॲप वापरत नाही, म्हणून इथे लिहितोय.