वाचक विचारतात : रात्रीची मासेमारी आणि पेशीतलं घड्याळ

प्रश्न : माझे यजमान मिरकरवाड्याच्या पर्ससीन नौकेवर तांडेल आहेत. काम रात्री, झोप दिवसा. आता साखर वाढली आहे. डॉक्टर म्हणाले, ‘जनुकांचं घड्याळ बिघडलंय.’ म्हणजे काय? (वाचक, रत्नागिरी)

उत्तर : जनुकं बहुधा शाबूत असतील, शरीरातल्या घड्याळांचा मेळ चुकला असेल. पेशीतलं घड्याळ असं चालतं : क्लॉक आणि बीमल१ ही प्रथिनं ‘पर’ आणि ‘क्राय’ नावाची जनुकं चालू करतात. त्यांपासून बनलेली प्रथिनं काही तासांनी केंद्रकात शिरतात आणि आपल्याला चालू करणाऱ्यांनाच गप्प करतात. ती झिजली की पुन्हा पहिल्यापासून. यालाच निगेटिव्ह फीडबॅक म्हणतात. टाकीतला बॉल पाणी लगेच तोडतो, म्हणून पातळी स्थिर राहते. इथे तोडायला उशीर होतो, म्हणून पातळी चढते-उतरते, आणि एका फेऱ्याला साधारण २४ तास लागतात.

मेंदूतलं मुख्य घड्याळ उजेडावर लागतं, यकृतातलं बरंचसं जेवणाच्या वेळेवर. रात्री दोनला भात-कालवण झालं की दोघांची वेळ जुळत नाही. त्यात रात्री मेलाटोनिन हे झोपेचं संप्रेरक चढलेलं असतं, त्यामुळे स्वादुपिंड इन्सुलिन कमी सोडतं. तोच भात दुपारी खाल्ला तर साखर कमी चढते.

मुख्य जेवण निघण्याआधी संध्याकाळी उरकावं. मध्यरात्र ते पहाटे पाच भात-पाव टाळून उकडलेलं अंडं किंवा मूठभर शेंगदाणे पुरे. झोपण्याआधी सहा तास चहा नको, झोपायची खोली काळोखी हवी. पण ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण हलवू नका, साखर एकदम खाली जाऊ शकते. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत रात्रीची झोप मिळते. त्या दिवसांतली उपाशीपोटी साखर लिहून ठेवा आणि हंगामातल्या आकड्याशी ताडून पाहा. फरक ठळक असेल तर तो कागद डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : सासरे संध्याकाळी सातला झोपतात, पहाटे साडेतीनला उठतात. त्यांचे वडीलही तसेच होते. हा आजार का? (वाचक, देवगड)

उत्तर : उतारवयात झोप थोडी अलीकडे सरकतेच. तरुणपणापासून असंच असेल आणि घराण्यात चालत आलं असेल, तर ‘पर२’ या घड्याळाच्या जनुकातला दुर्मीळ बदल असू शकतो. २००१ साली असा एक बदल सापडला. त्यात प्रथिनातल्या ६६२व्या जागी सेरिन या अमिनो आम्लाऐवजी ग्लायसिन येतं, तिथे फॉस्फेट बसत नाही आणि घड्याळाचा फेरा २४ तासांआधीच संपतो. त्रास नसेल तर औषध नको. संध्याकाळी जागं राहायचंच असेल तर दिवेलागणीनंतर तासभर भरपूर उजेडात बसावं.