सई आणि सखू, नाव एकच

कराडच्या एका ताईंनी विचारलंय की बहिणीच्या मुलीचं बारसं तोंडावर आलंय, नाव सई ठरतंय, पण नावांच्या कुठल्यातरी यादीत अर्थ 'फूल' दिलाय, बहिणीच्या सासरचे म्हणतायत हे तर साईबाबांचं नाव, आणि आजीला ते नुसतं लाडाचं नाव वाटतंय, पाळण्यातलं वाटतच नाही. तर खरं काय?

ताई, बिनधास्त ठेवा. सई म्हणजे मैत्रीण. बाईला बाईनं मारायची हाक आहे ती, जात्यावरच्या ओव्यांत 'सये', 'सयांनो' येतं ना, तीच ही सई. संस्कृतातल्या 'सखी'चं प्राकृतात 'सही' झालं, कारण दोन स्वरांच्या मधला ख, ध, भ तिथं घासून नुसता 'ह' उरायचा, दधिचं दही झालं, बधिरचा बहिरा झाला, गभीरचं गहिरं झालं तसंच. मग मराठीत तो ह पण गळाला आणि राहिली सई. ह गिळायची सवय आपल्याला अजून आहे, आमच्या विट्याकडं बहिणीला सर्रास 'बईन' म्हणतात. हिंदीतली सहेली पण ह्याच 'सही'ची. कागदावर करतो ती सही मात्र अरबीतनं आलेली, तिचा इथं काही संबंध नाही.

साई वेगळा, तो 'स्वामी'वरनं आलाय, गोस्वामीचा गोसावी झाला त्याच घरातला. फूल कुठनं आलं म्हणाल तर बहुतेक सायलीवरनं, बऱ्याच घरांत सायलीला लाडानं सई म्हणतात. आणि 'सय' म्हणजे आठवण, तो शब्द स्मृतीवरनं आलाय, तो पण छान आहे पण निराळा.

आता आजींना सांगा की हे नाव तुमच्याच जिल्ह्यातलं आहे. शिवाजी महाराजांच्या थोरल्या राणीसाहेब सईबाई फलटणच्या, नाईक निंबाळकरांच्या लेक, संभाजी महाराजांच्या आई. १६५९ साली राजगडावर वारल्या तेव्हा शंभूराजे जेमतेम दोन वर्षांचे होते. म्हणजे पावणेचारशे वर्षांपूर्वी भरल्या घराण्यात हे नाव होतं, मग ते टोपणनाव कसं म्हणायचं? आणि मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे सईबाईंच्या एका लेकीचं नाव सखूबाई, जी पुढं सून म्हणून फलटणलाच गेली. सखू हे पण सखीवरनंच, गंगाची गंगू, यमुनाची यमू होते तशी सखीची सखू. म्हणजे आई सई आणि लेक सखू, दोघींचं नाव मुळात एकच! तुम्ही तर कराडच्या, संत सखूच्या गावच्या. कृष्णेवर पाणी भरायला गेलेली सखू दिंडी बघून पंढरीला निघाली, घरच्यांनी खांबाला बांधून घातली आणि तिच्या जागी विठ्ठल येऊन राबला, ही कथा आजींना माझ्यापेक्षा चांगली माहीत असणार.

मला वाईट वाटतं ते एवढंच की आज बारशाला कुणी 'सखू' सुचवलं तर सगळे हसतात, जुनाट म्हणतात, आणि सई मात्र एकदम मॉडर्न. खरं बघितलं तर बायकांच्या तोंडात घासून गुळगुळीत झालेलं रूप सईच आहे, सखूत निदान संस्कृतातला ख तरी शाबूत आहे. आवड कशी फिरते बघा.

मधली कितीतरी वर्षं सई नाव तसं तुरळकच ऐकू यायचं. दिग्दर्शिका सई परांजपे १९३८ च्या, त्या पिढीत शकू, सुमन, कुसुम जास्त. आता मात्र जुई, इरा, रिया अशा दोन अक्षरी नावांची चलती आहे, त्यात सई बरोब्बर बसतं, आणि सई ताम्हणकर तर आपल्या सांगलीचीच, त्यामुळं आमच्या भागात हे नाव कुणाला समजावून सांगावं लागत नाही. बालवाडीच्या गेटवर 'सई' म्हणून हाक मारली की एकीला दोघी वळून बघतात आणि आज्या त्यांना सयू म्हणतात.

फक्त जन्मदाखल्याच्या वेळी लक्ष द्या. मराठीत स आणि दीर्घ ई, बास. इंग्रजीत एस-ए-आय लिहिलं की महाराष्ट्राबाहेर सगळे साई वाचतात आणि मुलगाच समजतात, म्हणून काहीजण एस-ए-ई-ई लिहितात, मला तेच बरं वाटतं. जे काही ठरवाल ते दाखला, आधार, शाळा सगळीकडं सारखंच ठेवा, नंतर दुरुस्तीला लई हेलपाटे पडतात.