मंजुरीआधीचं औषध: ‘हो’ म्हणण्यापूर्वी काय मोजायचं?

प्रश्न : आमच्या कंपनीच्या एका कॅप्सूलची तिसऱ्या टप्प्यातली चाचणी सुरू आहे. चाचणीत बसत नसलेल्या रुग्णांसाठी डॉक्टर औषध मागू लागले आहेत. हा अर्ली अ‍ॅक्सेस प्रोग्रॅम, म्हणजे मंजुरीआधीच गरजू रुग्णांना औषध देण्याची योजना, माझ्याकडे सोपवलाय. सुरुवात कुठून करू? (एक वाचक, पुणे)

उत्तर : गोदामापासून. बहुतेक जण अर्जाचा नमुना आधी तयार करतात आणि साठ्याचं नंतर पाहतात. तिथेच घोळ होतो.

समजा, दिवसाला दोन कॅप्सूल म्हणजे महिन्याला 60 ची एक बाटली लागते आणि मंजुरी 12 महिन्यांनी अपेक्षित आहे. 25 रुग्णांना 300 बाटल्या, हरवणं-फुटणं धरून 10 टक्के जास्त, म्हणजे 330. इथे हिशेब थांबवू नका. मंजुरी मिळाली म्हणून दुसऱ्या दिवशी औषध दुकानात येत नाही. किंमत ठरणं, उत्पादन, वितरण यांसाठी आणखी सहा महिने धरा. 18 महिन्यांचे होतात 495. हातात 330 च असतील तर 25 नव्हे, 16 रुग्ण घ्या. गुण येत असलेल्या रुग्णाचं औषध मधेच बंद करणं हे पहिल्याच दिवशी ‘नाही’ म्हणण्यापेक्षा फार वाईट. आणि हा साठा चाचणीचा वाटा बाजूला काढून उरलेला हवा. चाचणी रखडली तर मंजुरी लांबते आणि सगळ्यांचंच नुकसान होतं.

मग निकष लिहून काढा : आजार जिवावरचा किंवा कायमचं अपंगत्व आणणारा, उपलब्ध उपचार संपलेले, चाचणीत प्रवेश शक्य नाही. निर्णय घेणाऱ्या समितीत वैद्यकीय, सुरक्षितता, पुरवठा आणि नियामक विभाग असावेत. विक्री विभागाचा माणूस तिथे नको. एमआरनं डॉक्टरांकडे या औषधाचा विषयही काढू नये, तो मंजुरीआधीचा प्रचार ठरतो. मागणी साठ्याहून जास्त असेल तर निवड कशी करणार हेही आधीच जाहीर करा. नोव्हार्टिसनं 2020 मध्ये एसएमए या मुलांचे स्नायू दुबळे करणाऱ्या आनुवंशिक आजारावरच्या जनुकीय औषधाचे वर्षाला 100 पर्यंत मोफत डोस सोडत काढून द्यायला सुरुवात केली, तेव्हा पालक संघटनांनी तीव्र आक्षेप घेतला. तिथे निदान एकाच डोसचा प्रश्न होता. रोजच्या गोळीत प्रत्येक रुग्ण म्हणजे कित्येक महिन्यांचा शब्द असतो.

औषध एका वेळी तीन महिन्यांचंच पाठवा. पुढची मागणी सहा आठवडे आधी यावी, सोबत डॉक्टरांचा अहवाल. गंभीर दुष्परिणाम 24 तासांत कळवण्याची अट करारातच घाला. दोन ते आठ अंशांत ठेवायचं औषध असेल तर शुक्रवारी विमानतळावर पोहोचेल असं पाठवू नका. शनिवार-रविवार ते तिथेच अडकतं. तापमानाची नोंद बिघडलेली दिसली तर खोका वेगळा ठेवा आणि गुणवत्ता विभागाचं लेखी उत्तर येईपर्यंत एकही कॅप्सूल देऊ नका.

प्रश्न : मुलाला दुर्मीळ आजार आहे. परदेशी कंपनीला तीन ईमेल केले, उत्तर नाही. काय करावं? (एक पालक, नागपूर)

उत्तर : तुमची तगमग समजते, पण कंपन्या पालकांच्या पत्रावर औषध देत नाहीत. अर्ज उपचार करणाऱ्या डॉक्टरांचाच लागतो. अमेरिकेतल्या 2016 च्या कायद्यानं गंभीर आजारांवरची औषधं बनवणाऱ्या कंपन्यांना आपलं धोरण आणि संपर्काचा पत्ता जाहीर करावा लागतो. डॉक्टरांनी त्याच पत्त्यावर लिहावं. पत्रात निदान, जनुकीय अहवाल, वजन, यकृत-मूत्रपिंडाच्या तपासण्या, आजवरचे उपचार व ते का थांबवले, आणि चाचणीत प्रवेश का शक्य नाही, हे सगळं हवं. मुलाचं नाव नको, आद्याक्षरं पुरेत. अपुरे कागद हे उशिराचं नेहमीचं कारण.

कंपनीनं होकार दिला की आयातीचे दोन मार्ग आहेत. सरकारी रुग्णालय नव्या औषधांच्या 2019 च्या नियमांखाली ‘सीटी-24’ या फॉर्ममध्ये अर्ज करतं. जून 2020 च्या दुरुस्तीनं खासगी रुग्णालयांनाही दार उघडलं. दुसरा मार्ग वैयक्तिक वापराचा : डॉक्टरांची चिठ्ठी जोडून फॉर्म 12-ए भरायचा, परवाना 12-बी मध्ये मिळतो. परवाना, चिठ्ठी आणि इन्व्हॉइस यांवर औषधाचं नाव, मात्रा आणि नग अक्षरशः एकसारखे हवेत. एकीकडे ‘2 बाटल्या’ आणि दुसरीकडे ‘120 कॅप्सूल’ एवढ्यावरूनही कस्टममध्ये खोका अडू शकतो. परवाना हाती येण्याआधी कंपनीला पार्सल पाठवू देऊ नका.