मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर मोठ्या गुणाकाराच्या उत्तरात मध्येच 'ई' हे अक्षर येते, त्याचा अर्थ काय?

प्रकाशवर्षाचे अंतर मीटरमध्ये काढण्यासाठी आपण प्रकाशाचा वेग २९९७९२४५८ याला वर्षाच्या ३१५५७६०० सेकंदांनी गुणले आणि फोनवर ९.४६०७३०४७३ई१५ असे उत्तर आले. ते चुकीचे आहे का, असे आपण विचारले आहे. उत्तर बरोबर आहे. खरा गुणाकार सोळा अंकी असून तो पडद्यावरच्या जागेत मावत नसल्यामुळे फोनने तो घातांकाच्या रूपात दाखवला आहे. इंग्रजीतले 'ई' हे अक्षर येथे 'गुणिले दहाचा अमुकवा घात' एवढेच सांगते. म्हणून दशांश चिन्ह १५ घरे उजवीकडे सरकवावे. चिन्हानंतरचे नऊ अंक संपले की उरलेल्या सहा घरांत शून्ये येतात आणि ९४६०७३०४७३०००००० ही संख्या मिळते.

मात्र ही शेवटची सहा शून्ये खरी नाहीत. नेमका गुणाकार ९४६०७३०४७२५८०८०० इतका आहे; फोनने जागेअभावी पुढचे अंक गाळून शेवटचा अंक पूर्णांकित केला. दोन्ही संख्यांत ४,१९,२०० मीटरचा, म्हणजे सुमारे ४१९ किलोमीटरचा फरक पडतो. प्रकाशवर्षाच्या मानाने तो नगण्यच, पण 'ई' असलेले उत्तर कागदावर उतरवून पुढे शून्ये भरणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे. गूगलच्या कॅल्क्युलेटर ॲपमध्ये उत्तर बोटाने डावीकडे सरकवल्यास गाळलेले अंक पाहता येतात.

असे उत्तर वाचताना मी आधी 'ई'नंतरची संख्या पाहतो, कारण संख्येचा आवाका तीच सांगते. ९ई५ पेक्षा १ई६ मोठी, मग पुढचा ९ कितीही भारदस्त दिसो. आपल्या मोजणीत ई५ म्हणजे लाख, ई७ म्हणजे कोटी, ई९ म्हणजे अब्ज आणि ई१२ म्हणजे लाख कोटी. आपले उत्तर किलोमीटरमध्ये आणायचे तर हजाराने भागायचे, म्हणजे १५ मधून ३ वजा करायचे, ९.४६ई१२, अर्थात सुमारे ९ लाख ४६ हजार कोटी किलोमीटर. (भास्कराचार्यांच्या 'लीलावती'तली एकं, दहं, शतं पासून परार्धापर्यंतची नावे दहाच्या घातांचीच आहेत, परार्ध म्हणजे ई१७.)

'ई'नंतर उणे चिन्ह असल्यास दशांश चिन्ह डावीकडे सरकते. हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी साधारण ५.५ई-७ मीटर, म्हणजे ०.००००००५५ मीटर असते. तेथील उणे चिन्हामुळे संख्या ऋण होत नाही, फक्त लहान होते. ऋण संख्येचे चिन्ह अगदी सुरुवातीला येते.

अशी संख्या स्वतः भरायची असेल, तर आयफोन आडवा धरल्यावर (पडदा फिरण्यावरचे कुलूप काढलेले असावे) 'ईई' अशी कळ दिसते, आणि शास्त्रीय कॅल्क्युलेटरवर तिच्या जागी बहुधा 'ईएक्सपी' लिहिलेले असते. या कळीत 'गुणिले दहा' आधीच अंतर्भूत असल्याने वेगळा दहा दाबू नये. हजारासाठी १ ईई ३ असे भरावे. १० ईई ३ भरल्यास दहा हजार होतात, आणि विद्यार्थ्यांची उत्तरे दहापट चुकण्याचे मला दिसलेले सर्वांत नेहमीचे कारण हेच आहे. त्याच कळफलकावर लहान लिपीतला 'ई'सुद्धा असतो, परंतु तो २.७१८२८ या स्थिरांकासाठी असून त्याचा या लेखनाशी संबंध नाही.