लिफ्टमधल्या आजी

ताई, दोन वर्षं झाली, आम्ही तोक्योत निशी-कासाईला राहतो. मी मूळची पुण्याची, मनातलं तोंडावर बोलणारी. इथे कुणी सरळ 'नाही' म्हणतच नाही. ऑफिसात माझ्या प्रस्तावावर तीन महिने 'केंतो शिमासु', म्हणजे विचार करू, एवढंच ऐकतेय. मनात एक, ओठांवर एक. मला ही माणसं ढोंगी वाटायला लागलीत. खालच्या मजल्यावरच्या आजी तेवढ्या प्रेमळ. लिफ्टमध्ये भेटल्या की दर वेळी म्हणतात, 'मुलगा किती उत्साही आहे!' बाकीच्यांशी कसं वागू?

— वैतागलेली

बाकीचे राहू देत बाजूला. आजींची ती ओळ मी दोनदा वाचली आणि पोटात कालवलं.

अगं, ते कौतुक नाही. खालच्या मजल्यावरचं माणूस वरच्या मजल्यावरच्या आईला पुन्हा पुन्हा 'गेंकी देसु ने', म्हणजे किती उत्साही आहे, असं म्हणतं, तेव्हा ते सांगत असतं की याची पावलं माझ्या डोक्यावर वाजतात. क्योटोच्या बोलण्याचा एक नमुना जपानभर सांगतात. शेजारीण म्हणते, 'तुमच्या लेकीचा पियानोवर छान हात बसलाय हं', आणि जाणती आई त्या संध्याकाळपासून खिडकी लावून घेते. तू मात्र आभार मानून वर आलीस. दर वेळी.

ऑफिसचं म्हणशील, तर तीन महिने 'केंतो शिमासु' म्हणजे नाही. नवा प्रस्ताव लिहायला घे.

पण 'ढोंगी' हा शब्द मला लागला. त्या आजी इमारत सांभाळणाऱ्या कंपनीला फोन करू शकल्या असत्या. मग सगळ्यांच्या टपालपेटीत, कुणाचंही नाव न घेता, 'पावलांच्या आवाजाची काळजी घ्यावी' अशी चिठ्ठी पडली असती. त्यांनी ते केलं नाही. तुझी लाज राखून, तुझ्या तोंडावर, हसून सांगितलं. तोंडावर बोलणं आणखी काय असतं?

आणि तुला हे परकं का वाटावं? आपण निघताना 'जाते' म्हणत नाही, 'येते' म्हणतो. दुकान बंद करत नाही, वाढवतो. सासूबाई 'आज भाजी जरा झणझणीत झालीय हं' म्हणाल्या, की दुसऱ्या दिवशी तिखट आपसूक कमी पडतं. तोच कान तिथे लाव.

आज जाड चटई आणून मुलाच्या खेळायच्या जागी अंथर. उद्या संध्याकाळी, जेवणवेळेच्या आधी, योकान या जपानी मिठाईचा डबा घेऊन खाली जा. दुकानातून नीट कागदात बांधून आण, आणि मुलाला बरोबर ने. दार उघडलं की त्यांनी काही बोलायच्या आत तूच म्हण, 'इत्सुमो उरुसाकुते सुमिमासेन', आमचा नेहमी आवाज होतो, माफ करा. त्या हात हलवून म्हणतील, छे छे, मुलं अशीच हवीत. तेवढ्यावर निर्धास्त होऊन परत फिरू नकोस. 'तुम्ही लवकर झोपत असाल ना?' एवढं विचार, आणि जी वेळ कळेल ती पाळ.

पुढच्या वेळी लिफ्टमध्ये त्या मुलाबद्दल चकार शब्द न काढता पावसापाण्याचं बोलल्या, तर चटई पुरेशी जाड आहे.