आंबील चालू ठेवा, गोळीही

प्रश्न : वहिनीला ऱ्हुमॅटॉइड संधिवात (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते तो) आहे. आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट ही त्यावरची गोळी घेते. ‘आतडं सुधारलं की गोळ्या सुटतात’ असं कुणीसं सांगितल्यामुळे तिने गहू सोडला आणि सकाळी आंबील, शिळा भात सुरू केला. बरोबर आहे का?
– एक वाचक, देवगड

उत्तर : आतड्याचा संबंध आहे, पण गोळी सुटण्याइतका नाही. २०१३ साली अमेरिकेतल्या एका अभ्यासात, नुकताच हा आजार जडलेल्या रुग्णांच्या शौचात प्रिव्होटेला कोप्री हा जंतू निरोगी माणसांपेक्षा जास्त आढळला. तो आजार घडवतो की आजारामुळे वाढतो, हे त्यातून ठरत नाही. गोळी मध्येच सोडली तर मात्र सांध्याचं हाड झिजत जातं, आणि झिजलेलं भरून येत नाही.

आंबील चांगलीच. नाचणीतला चोथा मोठ्या आतड्यातले जंतू आंबवतात. त्यातून ब्युटिरेट नावाचं आम्ल तयार होतं, आणि ते प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या पेशी वाढवतं; अर्थात हे ठळकपणे दिसलंय ते उंदरांत. दोन मोठे चमचे पीठ अर्ध्या कप पाण्यात कालवून रात्रभर झाकून ठेवा. वैशाखात सहा-सात तास पुरे, नाहीतर आंबटढाण होतं. दीड कप पाण्याला उकळी आली की ढवळत ओता, मंद आचेवर ८-१० मिनिटं शिजवा. शिजताना आंबवणारे जंतू मरतात, हे बरेच जण विसरतात. जिवंत जंतू हवेत तर आंबील कोमट झाल्यावर ताक घाला. कढत आंबिलीत ताक फाटतं आणि त्यातले जंतूही जातात. ताक उकळलेल्या दुधाचंच हवं.

शिळ्या भाताचं तसं नाही. गार झालेल्या भातात न पचणारा स्टार्च वाढतो, तो जंतूंना आवडतो, हे खरं. पण बॅसिलस सेरियस या अन्न बाधवणाऱ्या जंतूचे बीजाणू शिजवूनही उरतात. आपल्या दमट हवेत रात्रभर बाहेर राहिलेल्या भातात ते वाढतात, आणि त्यांचं उलटी घडवणारं विष परत गरम करूनही जात नाही. वहिनींना याचा धोका दुहेरी : उलट्या-जुलाबांनी अंगातलं पाणी कमी झालं की मेथोट्रेक्सेट मूत्रपिंडातून नीट बाहेर पडत नाही, अंगात साठतं. असं झालं तर पुढचा डोस घेण्याआधी डॉक्टरांना फोन करा. भात तासाभरात फ्रीजमध्ये जात असेल, पावसाळ्यात वीज टिकत असेल, तर खावा. नाहीतर ताजी पेज बरी.

गहू उगाच सोडू नये. सिलिअ‍ॅकची (गव्हातल्या ग्लुटेनने आतड्याला इजा होते त्या आजाराची) शंका असेल तर रक्ताची टीटीजी तपासणी गहू खात असतानाच करायची. आधी सोडला तर अहवाल खोटाच निर्दोष येऊ शकतो.

प्रश्न : कुळथाची पिठी, लाल माठ वाढवला तर पोट डब्ब होतं. बंद करू?
– एक वाचक, गुहागर

उत्तर : बंद नको, कमी करा. पाव वाटी पिठीपासून सुरुवात करून दर आठवड्याला थोडी वाढवा. सोबत पाणीही वाढवा, नाहीतर चोथ्यानेच बद्धकोष्ठ होतं. शौचात रक्त दिसलं किंवा वजन घटू लागलं, तर ते चोथ्याच्या माथी मारू नका. लगेच तपासून घ्या.