‘माका काय्येक झाला नाय’

“तो ढोंग करता काय? एवढो हुशार पोरगो, तेका आपला काय झालाहा ता कळना नाय?” देवगडजवळच्या गावातून आलेल्या आईने विचारलं. (ओळख कळू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) मुलगा 28 वर्षांचा, ट्रॉलरवर खलाशी. बोटीवरच्या वायरलेसवर सगळे आपल्याबद्दलच बोलतात, असं त्याला ऐकू यायचं. पाच महिने समुद्रावर गेला नव्हता. देवाला गाऱ्हाणं घालून, कौल लावून झालं होतं. तो एकच म्हणे, “माका काय्येक झाला नाय.”

हा प्रश्न मला जवळजवळ प्रत्येक घरातून येतो. त्याला स्किझोफ्रेनिया होता, म्हणजे नसलेले आवाज ऐकू येणं, निराधार संशय येणं असा मेंदूचा आजार. तो असलेल्या निम्म्याहून अधिक जणांना आपण आजारी आहोत याची पुरेशी जाणीव नसते. लकवा होऊनही ‘माझा हात ठीक आहे’ म्हणणाऱ्या रुग्णांबद्दल बाबिन्स्की या फ्रेंच मेंदूतज्ज्ञाने 1914 मध्ये लिहिलं होतं. इथेही काहीसं तसंच. ज्या मेंदूने स्वतःला तपासायचं, तोच आजारी. सगळ्यांचं कारण एकच नसतं, लाजही असते. पण हे ढोंग नव्हे.

आई पेजेत गोळी कुस्करून घालत होती. मी ते थांबवायला सांगितलं. त्याला कळलं असतं तर संशयितांच्या यादीत तीही गेली असती.

आजाराचा विषय मी बाजूला ठेवला. झोपेबद्दल विचारलं.

“म्हयनो झालो, डोळ्याक डोळो नाय.”

तिथे आमचं जमलं. मनोविकारतज्ज्ञांनी गोळी कशासाठी ते त्याला स्पष्ट सांगितलं. ‘झोपेसाठी घेतंय’ म्हणून तो तयार झाला.

सातव्या आठवड्यात तो म्हणाला, “वायरलेस बंद आसताना पण बोलतत. मगे ता खंयसून येता?”

आईला हायसं वाटलं. मी मात्र भेटी वाढवल्या. जाणीव येते तेव्हा माणूस खचू शकतो. ‘माझा डोक्याच बिघडला’ म्हणत तो दोन दिवस जेवला नव्हता. जीव द्यावासा वाटतो का, हे मी थेट विचारलं. विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही. घरच्यांना टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर लिहून दिला.

‘स्किझोफ्रेनिया’ हा शब्द तो अजून उच्चारत नाही, मीही आग्रह धरत नाही. गेल्या भेटीत त्याने खिशातून वही काढली. तारीख, वेळ, काय ऐकू आलं, आणि शेजारी: वायरलेस चालू की बंद.